लाँचवाल्या, एसटीवाल्या आणि तानू

सोमवारी सकाळी मुलींनी ताटं पालथी घातली.

वाढायला मी होते. चौसष्ट मुली पंगतीला बसल्या, श्लोक म्हणून झाला, आक्कांनी भाताचं पातेलं उचललं, आणि पहिल्या ओळीत खण्णकन आवाज झाला. मग दुसरा. मग एकामागून एक जर्मनची ताटं फरशीवर उलटी पडत गेली. शेवटचं ताट पडल्यावर बाहेरच्या नळाचं ठिबकणं ऐकू यायला लागलं.

"काय गं ही थेरं?" आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे आमच्या स्वयंपाकीण.

मागच्या कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "आळ्या तुमी खावा, आक्का. लई गुबगुबीत हायत्या."

दबकं हसू पंगतभर फिरलं आणि थांबलं.

आळ्या होत्या हे खरं होतं. तांदूळ संस्थेच्या अध्यक्षांच्या गोदामातून येई आणि दिवाळीपासून तो तसाच येत होता. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मुली एका आड एक बसल्या होत्या. एक लाँचवाली, एक एसटीवाली, पुन्हा एक लाँचवाली.

हे सांगायला हवं. आमचं वसतिगृह धरणाच्या पाण्याच्या काठावर होतं. पलीकडच्या काठावरच्या डोंगरातल्या वाड्यांमधून ज्या मुली येत त्या लाँचमधून उतरत, आणि अलीकडच्या गावांतल्या मुली एसटीनं येत. त्यांनीच एकमेकींना ही नावं ठेवली होती. लाँचवाल्यांच्या अंगाला धुराचा वास येतो असं एसटीवाल्या म्हणत, आणि एसटीवाल्या घरून आणलेला लाडूसुद्धा मोजून खातात असं लाँचवाल्या. कपडे वाळत घालायच्या तारा वेगळ्या, वेणी घालायच्या जागा वेगळ्या, पंगतीतल्या ओळी वेगळ्या. मला तिथं गणिताची शिक्षिका म्हणून लागून दीड वर्ष झालं होतं, पण त्या एकत्र बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. म्हणजे कोणीतरी त्यांना बसवलं होतं.

आक्कांनी मोठ्या बाईंना बोलावून आणलं.

मोठ्या बाई म्हणजे शिंत्रे बाई. शाळेच्या मुख्याध्यापिका आणि वसतिगृहाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कायम हातात लोकरीच्या सुया. दर थंडीत पाचवीतल्या नव्या मुलींना त्या स्वतःच्या हातचे स्वेटर घालत. त्यांना ओरडताना कोणी ऐकलं नव्हतं. त्या दारात उभ्या राहिल्या, पंगतीवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "उठा. हात धुवा. वर्गात जा."

मुली गोंधळल्या. त्यांना वाटलं होतं, भांडण होईल.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बाई तितक्याच हळू बोलल्या. "गुरुवारी साहेब तपासणीला यायचेत. त्यांच्यासमोर असं झालं तर आपलं अनुदान जाईल. अनुदान गेलं की हे घर बंद. मग चौसष्ट जणींनी आपापल्या घरी शेणी थापत बसायचं. हे जिनं सुरू केलं तिनं उद्यापर्यंत माझ्याकडे यावं. नाही आली, तर तिचं नाव मी शोधीन आणि पटावरून कमी करीन."

कोणी गेलं नाही. त्या संध्याकाळीही ताटं पालथीच राहिली. मुलींनी पेटीतले फुटाणे, शेंगा, सुकवलेली करवंदं बाहेर काढली. जिच्याकडे काही नव्हतं तिलाही काहीतरी पोचत होतं. लाँचवाल्यांचे फुटाणे एसटीवाल्यांच्या खोलीत जात होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. नेणारी मुलगी एकच होती. तानू शेलार.

तानू नववीत होती. सावळी, हाडकुळी, वर्गात मधल्या बाकावर बसणारी. अभ्यासात बरी. गाणं नाही, खेळ नाही, वक्तृत्व नाही. शिक्षकांच्या खोलीत तिचा विषय कधी निघायचा नाही. तिचं गाव पलीकडच्या काठाला. पण आई गेल्यावर ती अलीकडे, मामाच्या घरी वाढली. त्यामुळे जन्मानं लाँचवाली आणि येण्याजाण्यानं एसटीवाली. दोन्हींपैकी कोणीच तिला परकी म्हणायचं नाही आणि कोणी आपली म्हणून मिरवायचंही नाही.

मंगळवारी दुपारी ती माझ्या खोलीवर आली. वसतिगृहाच्या आवारातच मला एक खोली होती. ती दारातच थांबली.

"बाई, याक इचारू?"

"आत ये आधी. काही खाल्लंस का?"

"खाल्लं." ती खोटं बोलत होती. "मोठ्या बाई खरंच नाव कमी करत्यात?"

"जिनं सुरू केलं तिचं म्हणाल्या त्या. तू सुरू केलंस?"

"न्हाई वो." ती हसली. "मला कुठं येतंय तसलं. ज्यांनी केलं त्यांनी केलं. मी निस्तं याचं त्याला सांगितलं. पारू म्हनली, एसटीवाल्यास्नी इचार त्या बसत्याल का. मी इचारलं. विजया म्हनली, आमी बसू, पर लाँचवाल्या मधीच उठून खाणार न्हाईत कशावरनं? मग मी म्हनलं, एका आड एक बसा. शेजारची खातीया का ते दिसंल."

मला हसू आलं. एवढ्याशा डोक्यात केवढी युक्ती.

"मग घाबरतेस कशाला?"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. "मामा म्हनल्यात, वसतिगृहात हायस तवर शीक. तिथलं नाव गेलं तर माझ्या दारात शाळा न्हाई. मामीनं बघून ठेवलाय याक. मुंबईला गोदीत हाय. पयली बायकू वारली त्याची. दोन पोरं हायत." मग एकदम म्हणाली, "दहावीपातूर ऱ्हायला पायजे बाई मला. दहावी झाली की नर्सच्या कोर्सला घेत्यात. मी इचारून ठिवलंय."

"काही होत नाही तुला," मी म्हणाले. "तू काही केलेलं नाहीस."

"व्हय," ती म्हणाली, आणि गेली.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, शिंत्रे बाई माझ्या खोलीवर आल्या. सोबत डब्यात उकडलेले रताळ्याचे तुकडे होते. "तूही जेवली नसशील. खा," म्हणाल्या आणि कॉटवर बसल्या. समोरच्या भिंतीवर माझा तक्ता लावलेला होता.

त्या तक्त्याबद्दलही सांगायला हवं. बी.एड.ला आम्हाला समाजमिती नावाचा एक भाग होता. वर्गातल्या मुलांना विचारायचं, तुला कोणाशेजारी बसायला आवडेल? प्रत्येकाचं एक वर्तुळ काढायचं आणि ज्यानं ज्याचं नाव घेतलं त्याच्याकडे बाण न्यायचा. मग वर्गात कोण लाडकं, कोण एकटं, कोणाचे गट, हे कागदावर दिसतं. परीक्षेपुरता एका वर्गाचा पुरला असता. पण मला ते इतकं आवडलं होतं की नोकरीला लागल्यावर मी सगळ्या वसतिगृहाचा काढला. ड्रॉइंगचे चार कागद चिकटवून चौसष्ट वर्तुळं. आणि प्रश्न दोन विचारले. पहिला नेहमीचा, जेवायला कोणाशेजारी बसशील? त्याचे बाण लाल. दुसरा मी स्वतः शोधला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. रात्री बाहेर जायची वेळ आली तर कोणाला उठवशील? आमचे संडास आवाराच्या टोकाला होते, वाटेत दिवा नव्हता. त्या बाणांना निळी शाई.

तो तक्ता पाहायला कोणी येत नव्हतं. बाकीचे शिक्षक म्हणत, गुरव बाईंनी कोळ्याचं जाळं विणलंय.

"लीला, हे काय आहे ते मला कधी सांगितलंच नाहीस," शिंत्रे बाई म्हणाल्या. "मीही विचारलं नाही. आज सांग."

मी चोवीस वर्षांची होते. मी लगेच उठून तक्त्याजवळ गेले.

"हे बघा बाई, लाल बाण सगळ्यात जास्त कोणाकडे जातात?"

त्या चष्मा लावून पुढे आल्या. "विजया निकम. अबब! किती गं?"

"एकतीस. गाते छान, दिसते छान. सगळ्यांना तिच्याशेजारी बसायचंय."

"म्हणजे मुलींमध्ये तिचं चालतं."

"तसं वाटतं खरं. आता निळे बघा. विजयाला किती?"

त्यांनी मोजले. "चारच."

"आवडते ती, पण काळोखात तिला कोणी उठवत नाही."

बाई हसल्या. खूप दिवसांनी त्यांना असं हसताना पाहिलं. "अगं, हे खरंच आहे की! मग निळे सगळ्यात जास्त कोणाला?"

"पारू कोकरेला. तेरा. धीट आहे ती. पण नीट बघा, तिचे तेराही बाण कुठून आलेत?"

बाईंनी एकेक बाण बोटानं मागे नेला. मला अजून ते बोट आठवतं, त्याला सुईच्या टोचण्यांनी घट्टा पडला होता. "सगळ्या लाँचवाल्या," त्या म्हणाल्या.

"बरोबर!" मी म्हणाले. वर्गात एखाद्या मुलीला उदाहरण सुटलं की म्हणतात तसं. "म्हणजे पारू मोठी, पण एका काठापुरती. विजयाचे सगळे बाण एसटीवाल्यांचे, तीही मोठी, पण दुसऱ्या काठापुरतीच."

"म्हणजे बाण किती हे मोजून भागत नाही."

"नाही! तेच तर! बाण कुठून येतात आणि कुठून कुठे जाता येतं, ते बघायचं."

रताळ्याचा एक तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मग या दोन काठांमध्ये जायचं तर कुठून जायचं?"

पस्तीस वर्षं मी शिकवलं. हजारो मुलं हाताखालून गेली. योग्य जागी योग्य प्रश्न विचारणारं इतकं शहाणं कोणी मला भेटलं नाही. नेमका तो प्रश्न त्या प्रश्नाच्या जागी आला आणि मला इतका आनंद झाला की मला थांबता आलं नसतं.

"इथून," मी म्हणाले, आणि तानूचं वर्तुळ दाखवलं. "लाल बाण हिला फक्त दोन. निळे नऊ. पण पाच या बाजूचे आणि चार त्या बाजूचे. अशी दुसरी कोणीच नाही. आता हिच्यावर बोट ठेवा बाई. झाकून टाका. ठेवलंत? आता बघा तक्त्याकडे."

त्यांनी बोट ठेवलं. निळ्या रेघांची दोन जाळी उरली, एक डावीकडे, एक उजवीकडे. मध्ये कोरा कागद.

"दोन तक्ते झाले," त्या हळूच म्हणाल्या.

"हो!"

"आणि पारूवर ठेवलं तर?" त्यांनी ठेवून पाहिलं. "नाही होत. तिच्याजवळच्या मुलींमध्येच आपसात रेघा आहेत."

"तिच्या जागी दुसरी उभी राहील. विजयाचंही तसंच. तानूच्या जागी मात्र कोणी नाही."

बाई पुन्हा कॉटवर बसल्या. सुया काढल्या, दोन टाके घातले. तेव्हा कुठे माझ्या मनात काहीतरी आलं.

"बाई, तुम्ही तानूचं नाव... म्हणजे तुम्ही म्हणाला होता, पटावरून..."

"जिनं सुरू केलं तिचं म्हणाले होते. तानूनं सुरू केलं का?"

"नाही. मला खात्री आहे."

"मग झालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुलींशी बोलायचं तर कोणाशी बोलू, हेच मला कळत नव्हतं. तू छान समजावतेस गं."

मला त्या रात्री गाढ झोप लागली. बाई तानूशी बोलतील, तानू दोन्हीकडे निरोप नेईल, तांदूळ बदलायचं काहीतरी ठरेल, असं मी धरून चालले होते.

बुधवारी सकाळी प्रार्थनेला तानू नव्हती. तिची पत्र्याची पेटी ऑफिसच्या व्हरांड्यात ठेवलेली होती, आणि तिला आजाऱ्यांच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावलेली होती. शिंत्रे बाई म्हणाल्या, "तानू शेलारचं नाव पटावरून कमी केलं आहे. तिच्या मामांना पहिल्या एसटीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी गेली आहे. आता बाकीच्यांनी अभ्यासाला लागावं."

मी ऑफिसात गेले.

"बाई, तिनं सुरू केलं नव्हतं. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंस."

"मग?"

"ज्यांनी सुरू केलं त्यांना काढून उपयोग नाही, हेही तूच सांगितलंस. त्यांच्या जागी दुसरी उभी राहते." त्या मस्टरवर सह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दार लाव आणि बस. अध्यक्षांकडे मी दोनदा गेले तांदळासाठी. निवडून घ्या म्हणाले. तिसऱ्यांदा गेले तर माझ्या जागी ते त्यांच्या भाचीला आणतील, आणि ती तोच तांदूळ शिजवील. उद्या साहेब येणार. चौसष्टांचं घर बंद पडू देऊ, की त्रेसष्टांचं चालू ठेवू? तू गणिताची आहेस, सांग."

"तिचं लग्न लावतील, बाई. बिजवराशी. चौदा वर्षांची आहे ती."

त्यांचं पेन थांबलं. "तुला माहीत होतं?"

"कालच सांगितलं तिनं."

"कधी? मी येण्याआधी?"

मी उठून उभी राहिले. त्यांनी पुढची सही केली.

मी बाहेर पडत होते तोच पारू कोकरे आत घुसली. उंच, रापलेली, चालताना हात हलवणारी पोर. ती बाईंच्या टेबलासमोर ताठ उभी राहिली.

"मी केलं. ताटं पालथी घालायचं माझं डोस्कं. मला काढा. तानूला ऱ्हाऊ द्या."

"मला माहीत आहे, बाळ," शिंत्रे बाई म्हणाल्या. "तू जा. जेवून घे."

"मला काढा म्हनते न्हवं मी!"

"तुला कशाला काढायचं? हुशार मुलगी आहेस. जा."

पारूच्या तोंडावरचा तो भाव मी विसरलेले नाही. मार खायला पाठ पुढे करावी आणि मारणाऱ्यानं बाजूनं निघून जावं, तसा.

दुपारपर्यंत सगळं झालं. मी काही ऐकायला गेले नाही, ते आपोआप कानांवर आलं. लाँचवाल्यांच्या खोलीतून, "नाव त्यांनीच सांगितलं. विजयाची न् मोठ्या बाईंची लई गट्टी." एसटीवाल्यांच्या खोलीतून, "पारूनं केलं आणि तानूला पुढं ढकललं. आता बाईंकडं जाऊन मी केलं म्हणते. नाटक नुसतं. हिला कशी काढली नाही मग?" भिंतीला भिंत लागून होत्या त्या खोल्या. एरवी असं काही झालं की तानू या दारातून त्या दारात जाऊन म्हणायची, 'ती तसं म्हनली न्हाई गं, ती असं म्हनली.' त्या दिवशी या दारातून त्या दारात कोणी गेलं नाही. विजया तेवढी एकदा उठून लाँचवाल्यांच्या दारापर्यंत गेली. आतून कोणीतरी म्हणालं, "आली बघा चुगलखोर." ती तिथूनच परतली.

जेवायला मुली दोन वेगळ्या ओळींत बसल्या. ताटं पालथीच होती. सगळ्या एकमेकींकडे रोखून पाहत होत्या. लाँचवाल्यांमधली गोदी, पाचवीतली, दोन दिवस उपाशी, आईला हाक मारावी तशी रडायला लागली. पारूनं तिचं ताट सुलटं केलं आणि म्हणाली, "वाढा हिला. लहान हाय."

समोरच्या ओळीतून आवाज आला, "बघा, खायला लागल्या. तानू गेली आन ह्यांनी ताटं सुलटी केली."

"मग आपण का मरायचं?" विजया म्हणाली, आणि तिनं आपलं ताट सुलटं केलं.

दहा मिनिटांत सगळी ताटं सुलटी झाली. आक्का वाढत गेल्या. मुली मान खाली घालून आळ्या वेचून ताटाच्या कडेला ठेवत होत्या आणि जेवत होत्या.

शिंत्रे बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. फळ्यावरचं उत्तर आपल्या वहीतल्या उत्तराशी जुळलं की मुलगी हलवते तशी.

गुरुवारी साहेब आले. त्या दिवशीचा तांदूळ बाजारातून आणलेला, पांढराशुभ्र. विजयानं स्वागतगीत म्हटलं. साहेबांनी पंगतीत बसून भात खाल्ला आणि शेरा चांगला लिहिला.

ते गेल्यावर, तीनच्या एसटीनं तानूचा मामा आला. टोपी, धोतर, हातात पिशवी, वाईट माणूस नव्हता. "पोरगी चांगली व्हती वो बाई," तो मलाच म्हणाला. "काय अवदसा आठवली तिला." चारची परतीची गाडी होती. मी म्हणाले, मी थांब्यापर्यंत येते. मामा पेटी डोक्यावर घेऊन पुढे गेला, आम्ही दोघी मागून.

वसतिगृहाच्या खिडक्यांमध्ये एकही तोंड दिसत नव्हतं. लाँचवाल्यांना वाटत होतं एसटीवाल्या निरोप द्यायला जातील, त्यांच्यात कशाला मिसळा. एसटीवाल्यांनाही तसंच वाटत असणार.

तानू रडत नव्हती. ती घाईत होती.

"बाई, ध्यानात ठिवा. गोदीला रातच्याला याकदा उठवावं लागतंय, न्हाईतर हातरूण भिजतंय, मग पोरी हसत्यात. पारूला सांगू नगा, ती वरडती. सुमीला उठवाया सांगा. सुमी एसटीवाली हाय, पर तिचा भाऊ असाच हाय, तिला कळतंय. आन विजया गाते तवा ह्या खोलीतल्या हसत्यात, तिला वाटतंय तिलाच हसत्यात. तसं न्हाई. त्यास्नी बी गायाचं असतंय. तेवढं तिला सांगा. आन कोकऱ्यांच्या बारकीला..."

ती सांगत राहिली. कोण कोणाशी कशावरून बोलत नाही, कोणाला काय उसनं द्यायचंय, कोणाचा बाप दारू पितो म्हणून तिच्यासमोर कोणता विषय काढायचा नाही. चौसष्ट जणींचं. मी हो हो म्हणत होते. माझ्या तक्त्यात यातलं काही नव्हतं. माझ्या तक्त्यात रेघा होत्या.

थांब्यावर ती थांबली. "बाई, माजं नाव कुनी सांगितलं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिला कळायला हवं होतं. तिला कळलं असतं, आणि दोन्ही खोल्यांना कळलं असतं, तर त्यांनी मिळून माझा तिरस्कार केला असता. मिळून केला असता.

"माहीत नाही गं," मी म्हणाले.

तिनं सुस्कारा टाकला. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "पारू म्हनत व्हती खिडकीतनं, गुरव बाईनं सांगितलं असंल, त्यांच्याकडं मोठ्या बाई गेल्या व्हत्या. मी म्हनलं, गप गं. बाई तसल्या न्हाईत. मी तिला शपथ घालून सांगितलं."

एसटी आली. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. मामानं पेटी वर चढवली.

नाताळच्या सुट्टीनंतर कोणीतरी सांगितलं, तिचं लग्न झालं. मार्गशीर्षातच. नंतर मुंबईला गेली. पुढे मी काही विचारलं नाही.

गोदीला रात्री उठवायला मी सुमीला सांगितलं. सुमी म्हणाली, "त्यांची त्या बघतील." पारूनं दहावीनंतर शिक्षण सोडलं. माझं नाव तिनं कोणाला सांगितलं नाही. तानूनं घातलेल्या शपथेवर तिचा विश्वास बसला असावा.

मला जूनमध्ये कायम केलं. शिंत्रे बाईंनी स्वतः अध्यक्षांकडे शब्द टाकला होता. त्याच आठवड्यात त्या माझ्या खोलीवर आल्या. हातात दुकानातून आणलेली ड्रॉइंग पेपरची गुंडाळी होती, नवी, दोऱ्यानं बांधलेली.

"यंदा नव्या सतरा आल्यात," त्या कॉटवर बसत म्हणाल्या. "तक्ता कधी काढतेस?"

मी गुंडाळी हातात घेतली. कागद चांगला होता, जाड.

"महिनाभर थांबू या, बाई," मी म्हणाले. "आधी मैत्र्या जमू द्यात."